सर्व्हरच्या दारावर पासवर्ड नको: एसएसएचमध्ये ओळख पटवण्याची सुरक्षित व्यवस्था

भाड्याने घेतलेला छोटासा सर्व्हर इंटरनेटला जोडला, की बहुधा त्याच दिवशी त्याच्या लॉगमध्ये अनोळखी मंडळींनी दार ठोठावल्याच्या नोंदी दिसू लागतात. ‘फेल्ड पासवर्ड फॉर इन्व्हॅलिड यूजर ॲडमिन’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे कुठला तरी अपरिचित आयपी पत्ता. काही सेकंदांनी तशीच दुसरी ओळ येते, फक्त ‘ॲडमिन’च्या जागी ‘टेस्ट’, ‘उबुंटू’, ‘ओरॅकल’, ‘पोस्टग्रेस’ आणि पुन्हा पुन्हा ‘रूट’. एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ किंवा दुकानाच्या हिशेबाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने हे पहिल्यांदा पाहिले, की आपल्यावर कोणीतरी डूख धरून आहे असे त्याला वाटू लागते.

तसे काही नसते. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४मध्ये, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, संगणकाला तो तसा वाटत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३मध्ये झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले आणि गिगाबिट जोडणी असलेल्या एका साध्या संगणकावरून हा सगळा पसारा, एका पोर्टपुरता (म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारापुरता), ४५ मिनिटांच्या आत चाळता येतो हे दाखवून दिले. आज अशी चाळणी अखंड चालू असते आणि जिथे दार सापडेल तिथे नेहमीची नावे व नेहमीचे पासवर्ड लावून पाहिले जातात. आपला सर्व्हर कोणाच्या नजरेस पडणारच नाही, या भरवशावर राहण्यात म्हणूनच अर्थ नाही. आलेल्याने काय दाखवले म्हणजे त्याला आत घ्यायचे, हे ठरवणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि तेवढाच या लेखाचा विषय आहे.

पुढे ज्या सूचनांची आणि फाइलींची नावे येतील ती देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष सर्व्हरवर ती रोमन लिपीत आणि बहुतेक ठिकाणी शब्द न तोडता लिहायची असतात.

दूरवरून आत येण्याचा रस्ता

युनिक्स ही पहिल्यापासूनच अनेकांनी एकाच संगणकावर काम करण्यासाठी घडलेली प्रणाली आहे. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॅकओएस ही तिच्याच कुळातली मंडळी. अशा संगणकावर दूर बसून काम करायचे तर पूर्वी टेलनेट, आरलॉगिन, आरएसएच अशी साधने वापरली जात. त्यांच्यात एक मोठी खोट होती. टाइप केलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, तारेवरून जसेच्या तसे जात असे, आणि वाटेत कान लावून बसलेल्या कोणालाही ते वाचता येत असे. १९९५मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर नेमके असेच पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तिथल्या ताटू इलोनेन या संशोधकाने सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच, लिहिले. त्याला मिळालेला २२ हा पोर्ट एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ या पोर्टांच्या मधोमध बसला, आणि ज्यांची जागा घ्यायची होती त्यांच्या शेजारीच त्याचे बिऱ्हाड थाटले गेले.

आज जगभर वापरात असलेली त्याची आवृत्ती म्हणजे ओपनबीएसडीच्या गटाने १९९९मध्ये सुरू केलेले ओपनएसएसएच. पुढे सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यालाच लागू आहेत.

एसएसएच दोन कामे करते. पहिले काम संभाषण गुप्त ठेवण्याचे. ते बहुतांशी आपल्या मदतीशिवाय नीट होते आणि आजच्या आवृत्तीत त्यात हात घालण्याची गरज सहसा पडत नाही. दुसरे काम ओळख पटवण्याचे, ज्याला ऑथेंटिकेशन म्हणतात. हे काम कितपत चांगले होईल ते आपण सर्व्हरला काय सांगून ठेवले आहे यावर अवलंबून असते. सर्व्हरच्या दारातून झालेल्या चोऱ्यांमध्ये गुप्तलेखन फोडले गेल्याची उदाहरणे शोधावी लागतात; ओळख पटवण्याची व्यवस्था ढिली होती, अशी पैशाला पासरी मिळतात.

आधी सर्व्हरने आपली ओळख द्यायची

ओळख दोन्ही बाजूंनी पटवायची असते, आणि हा भाग हमखास दुर्लक्षित राहतो. नव्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडले जाताना पडद्यावर एक प्रश्न येतो: या यंत्राची खात्री करता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जायचे का? जवळजवळ प्रत्येक जण न वाचता ‘येस’ लिहितो.

हा ठसा म्हणजे त्या सर्व्हरचे ओळखपत्र. तो एकदा मान्य केला की आपल्या संगणकावरच्या नोन होस्ट्स या फाइलीत त्याची नोंद होते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती ताडून पाहिली जाते. म्हणजे सगळी मदार त्या पहिल्या ‘येस’वर आहे. भाड्याचा सर्व्हर देणाऱ्या बहुतेक कंपन्या ब्राउझरमधून उघडणारा एक कन्सोल देतात. त्यातून सर्व्हरवर जाऊन ठसा पाहावा आणि आपल्या पडद्यावरचा ठसा त्याच्याशी जुळतो का ते बघावे. याला दोन मिनिटे लागतात.

नंतर कधी ‘यजमानाची ओळख बदलली आहे’ असा ठळक इशारा आला, तर जुनी नोंद खोडून पुढे जाण्याची घाई करू नये. असा बदल कधी कधी रास्तही असतो. प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबच्या सर्व्हरची आरएसए प्रकारची खासगी किल्ली एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोड्या वेळासाठी उघडी पडली, तेव्हा २४ मार्च २०२३ रोजी कंपनीने ती बदलली, आणि ती किल्ली वापरणाऱ्या जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर हा इशारा झळकला. त्या वेळी योग्य वाट एकच होती: नवा ठसा कंपनीने अधिकृतपणे जाहीर केलेल्या ठशाशी ताडून पाहणे. आपल्या छोट्या सर्व्हरच्या बाबतीतही हीच शिस्त लागू आहे.

पासवर्डची अडचण नेमकी कुठे आहे

एसएसएचमधून जाणारा पासवर्ड वाटेत कोणाला वाचता येत नाही, मग त्याने काय बिघडते, असा प्रश्न रास्त आहे. अडचण वाटेत नसते, ती दोन्ही टोकांना असते.

पासवर्ड गुप्त मार्गाने जातो हे खरे, पण पलीकडच्या टोकाला तो उलगडून सर्व्हरच्या हातात जसाच्या तसा पडतो. तो सर्व्हर आधीच कोणी ताब्यात घेतलेला असेल, किंवा ठसा न पाहता आपण तोतया सर्व्हरला जोडले गेलो असू, तर आपला पासवर्ड त्या क्षणी त्याचा झाला. तोच पासवर्ड आणखी चार ठिकाणी वापरलेला असेल तर त्या चार ठिकाणांचाही. अलीकडच्या टोकाला अडचण माणसाची आहे. लक्षात राहील असा पासवर्ड दुसऱ्यालाही सुचू शकतो, आणि अंदाज बांधणारे यंत्र कंटाळत नाही. २०१६मध्ये गाजलेल्या मिराई या घातक प्रोग्रामने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले: कारखान्यातून येणारी नावे आणि पासवर्ड यांच्या साठ-बासष्ट जोड्यांची यादी टेलनेटवर लावून पाहत त्याने कॅमेरे आणि राउटर यांची फौज उभी केली. एसएसएचच्या दारावर रोज चालणारा खटाटोप त्याच जातीचा आहे.

बँकेतल्या नमुना सहीसारखी व्यवस्था

यावर उपाय किल्लीच्या जोडीचा. आपल्या संगणकावर एकमेकींशी गणिताने बांधलेल्या दोन किल्ल्या तयार होतात. खासगी किल्ली आपल्यापाशीच राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवली जाते.

बँकेत खाते उघडताना आपण नमुना सही देतो. पुढे प्रत्येक धनादेशावर नव्याने सही करायची असते आणि बँक ती नमुन्याशी ताडून पाहते. सार्वजनिक किल्ली म्हणजे ती नमुना सही. प्रत्येक वेळी जोडणी होताना त्या जोडणीपुरता एक एकमेव आकडा दोन्ही बाजूंनी मिळून ठरतो, आपला संगणक खासगी किल्लीने त्यावर सही करतो, आणि सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीने तपासतो. कालच्या जोडणीवरची सही आजच्या जोडणीला चालत नाही, त्यामुळे ती कोणी टिपून ठेवली तरी तिचा उपयोग शून्य. बँकेतला नमुना पाहून सही गिरवता येते. इथे मात्र सार्वजनिक किल्ली समोर ठेवूनही कोणाला आपली सही करता येत नाही. म्हणूनच सर्व्हर फुटला आणि त्यावरच्या सगळ्या सार्वजनिक किल्ल्या चोराच्या हाती लागल्या, तरी त्यांच्या आधारे त्याला दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर शिरता येत नाही.

पासवर्ड आणि किल्ली यांतला खरा फरक हाच आहे: एकात गुपित प्रत्येक वेळी समोरच्याच्या स्वाधीन करावे लागते, दुसऱ्यात ते आपल्या संगणकाबाहेर कधीच पडत नाही.

किल्ली तयार करणे आणि जागेवर ठेवणे

किल्ली तयार करण्याची आज्ञा एसएसएच-कीजेन. प्रकार ईडी२५५१९ निवडावा. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून काही न सांगता तोच मिळतो. जुन्या यंत्रांशी जुळवून घ्यायचे असेल तर किमान ३०७२ बिटांची आरएसए किल्ली चालेल. डीएसए हा जुना प्रकार एप्रिल २०२५च्या १०.० आवृत्तीतून पूर्णपणे काढून टाकला गेला आहे.

किल्लीचे बळ तिच्या मागच्या आकड्यांचा अंदाज बांधता न येण्यात असते, हे डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रसंगाने कायमचे शिकवले. त्यांच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या साधनाच्या पॅकेजात २००६मध्ये झालेल्या एका बदलामुळे किल्ल्या जवळजवळ फक्त प्रोसेसच्या क्रमांकावरून तयार होऊ लागल्या, आणि एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्यांची संख्या सुमारे ३२ हजारांवर आली. १३ मे २००८ रोजी हे जाहीर होईपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, कारण प्रत्येक किल्ली दिसायला निर्दोष होती. किल्ली कुठल्याशा संकेतस्थळावर तयार करून घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा. ती आपल्याच अद्ययावत संगणकावर, आपल्या डोळ्यांसमोर तयार व्हावी.

तयार करताना पासफ्रेज विचारला जातो. तो रिकामा सोडू नये. पासफ्रेज सर्व्हरकडे कधीच जात नाही. तो फक्त आपल्या डिस्कवरची खासगी किल्ली बंदिस्त ठेवतो. दर वेळी टाइप करण्याचा त्रास एसएसएच-एजंट हा सोबती वाचवतो, कारण एकदा उघडलेली किल्ली तो स्मृतीत धरून ठेवतो.

सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पोचवण्यासाठी एसएसएच-कॉपी-आयडी ही आज्ञा आहे. ती आपल्या खात्याच्या डॉट-एसएसएच या फोल्डरातील ऑथराइज्ड कीज फाइलीत एक ओळ वाढवते. इथे एक गोष्ट अनेकांना तासन्‌तास छळते. फोल्डरची परवानगी ७०० आणि फाइलीची ६०० (म्हणजे मालकाखेरीज कोणालाही मुभा नाही अशी) असावी, आणि खात्याच्या होम फोल्डरवरही मालकाखेरीज कोणाला लिहिण्याची मुभा नसावी. ती मुभा असेल तर सर्व्हर किल्ली पाहूनही न पाहिल्यासारखे करतो आणि आपल्या पडद्यावर कारण सांगत नाही. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ या शब्दांत पडून असते. ही अडवणूक योग्यच आहे. ज्या फाइलीत दुसरा कोणी ओळ वाढवू शकतो, त्या फाइलीवर भरवसा कसा ठेवायचा? ही तपासणी बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, परवानगी दुरुस्त करावी.

सर्व्हरला नेमके काय सांगायचे

सर्व्हरची सेटिंग ईटीसी फोल्डरातल्या एसएसएच या फोल्डरात, एसएसएचडी-कॉन्फिग या फाइलीत असते. तिला हात लावण्याआधी किल्लीने आत जाता येते याची खात्री करावी आणि एक जोडणी उघडीच ठेवावी. सेटिंग नव्याने वाचायला सांगितल्याने चालू जोडण्या तुटत नाहीत, त्यामुळे काही चुकले तर याच उघड्या खिडकीतून दुरुस्ती करता येते. हा नियम मोडणाऱ्याला स्वतःच्याच सर्व्हरच्या दाराबाहेर उभे राहावे लागते.

मुख्य सूचना मोजक्या आहेत. पासवर्ड-ऑथेंटिकेशन ‘नो’ करायचे. पण तेवढ्याने भागत नाही. केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन नावाची दुसरी एक सूचना आहे. तिच्यात सर्व्हर प्रश्न विचारतो आणि माणूस उत्तर देतो. लिनक्सवर हे प्रश्न पॅम नावाच्या यंत्रणेकडून येतात, म्हणजे कार्यक्रमांच्या वतीने ओळख तपासणाऱ्या अदलाबदल करता येण्याजोग्या भागांच्या संचाकडून, आणि पॅमचा नेहमीचा प्रश्न असतो: पासवर्ड काय? एक दार बंद केले आणि त्याच खोलीचे दुसरे दार उघडे राहिले, असा हा प्रकार. दुसऱ्या टप्प्यासाठी ओटीपी वापरायचा नसेल तर ही सूचनाही ‘नो’ करावी. जुन्या फाइलींत ती चॅलेंज-रिस्पॉन्स-ऑथेंटिकेशन या नावाने आढळते.

परमिट-रूट-लॉगिन ‘नो’ असावे. रूट म्हणजे सर्वाधिकारी खाते, आणि त्याचे नाव हल्लेखोराला शोधावे लागत नाही. ऑगस्ट २०१५च्या ७.० आवृत्तीपासून रूटला पासवर्डने येण्याची मुळातच मनाई आहे, तरीही सरळ ‘नो’ करण्याचा खरा फायदा हिशेबाचा आहे: प्रत्येक जण आपल्या नावाच्या खात्याने आत येतो, मग सुडो वापरून अधिकार घेतो, आणि कोणी काय केले याची नोंद राहते. त्याचबरोबर अलाउ-ग्रुप्स या सूचनेने ठरावीक गटातल्या खात्यांनाच प्रवेश द्यावा. एखादे पॅकेज टाकताना आपोआप तयार झालेले, कोणाच्या ध्यानीमनी नसलेले खाते त्यामुळे बाहेरच राहते.

आता सर्वांत फसवी जागा. या फाइलीत एकच सूचना दोनदा आली, तर पहिली लागू होते, नंतरची दुर्लक्षिली जाते. इतर अनेक कार्यक्रमांत उलट असते, त्यामुळे माणूस सवयीने आपली ओळ फाइलीच्या तळाशी लिहितो आणि निर्धास्त होतो. त्यातून डेबियन आणि उबुंटूवर मुख्य फाइलीच्या सुरुवातीलाच एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी या फोल्डरातल्या, डॉट-कॉन्फने नाव संपणाऱ्या सगळ्या फाइली ओढून घेणारी ओळ असते. उबुंटूच्या क्लाउडवरच्या सर्व्हरांवर तिथे ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल सापडू शकते आणि तिच्यात पासवर्ड-ऑथेंटिकेशन ‘येस’ असू शकते. मुख्य फाइलीत आपण ठळकपणे ‘नो’ लिहिलेले असते, पण सर्व्हरने ‘येस’ आधीच वाचलेले असते. आपली फाइल त्याच फोल्डरात ठेवायची तर तिचे नाव ९९ने सुरू करूनही उपयोग नाही. ते ५०च्या आधी येईल असे, १०ने वगैरे सुरू होणारे हवे.

म्हणून फाइलीत काय लिहिले आहे त्यावर विसंबू नये, सर्व्हरने काय समजून घेतले आहे ते त्यालाच विचारावे. रूटच्या अधिकाराने एसएसएचडी या आज्ञेला छोटा टी जोडला तर ती लिहिण्यातली चूक दाखवते; मोठा टी जोडला तर सगळ्या फाइली वाचून शेवटी लागू झालेली सेटिंग ओळीने छापते. नंतर सेवेला रीलोड करायला सांगावे आणि दुसऱ्या खिडकीतून, शक्य तर दुसऱ्या संगणकावरून, मुद्दाम किल्ली न वापरता आत जाण्याचा प्रयत्न करावा. सर्व्हर ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो आणि त्यापुढे कंसात तो ओळखीचे कोणते मार्ग स्वीकारतो त्यांची यादी देतो. त्या कंसात फक्त ‘पब्लिककी’ दिसले पाहिजे. ‘पासवर्ड’ किंवा ‘कीबोर्ड-इंटरॲक्टिव्ह’ हे शब्द अजून दिसत असतील, तर कुठेतरी दुसरे दार उघडे आहे. एवढा एक कंस वाचण्याची सवय लागली, तर पुष्कळ सर्व्हर वाचतील असे माझे ठाम मत आहे.

लॅपटॉपच चोरीला गेला तर?

किल्लीच्या विरोधात हा आक्षेप हमखास येतो. पासफ्रेज असेल तर चोराच्या हाती लागते ती बंदिस्त फाइल, आणि सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीजमधून ती एक ओळ काढून टाकेपर्यंतचा वेळ आपल्याला मिळतो. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावर दुसरी किल्ली आधीच तयार असायला हवी. खासगी किल्ली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नकलून नेण्यापेक्षा प्रत्येक यंत्राची वेगळी जोडी करावी आणि ओळीच्या शेवटी कोणत्या यंत्राची ते लिहावे, म्हणजे काढायची ओळ ओळखू येते. सगळ्याच किल्ल्या गमावल्या तरी सर्व्हर देणाऱ्या कंपनीचा कन्सोल उरतो. त्या कंपनीच्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा नसेल, तर मात्र इथवर केलेल्या साऱ्या व्यवस्थेला तेच भगदाड ठरते.

याहून भक्कम उपाय म्हणजे खासगी किल्ली डिस्कवर ठेवायचीच नाही. फेब्रुवारी २०२०च्या ८.२ आवृत्तीपासून ओपनएसएसएच फिडो प्रकारच्या यूएसबी किल्ल्या स्वीकारते. किल्लीचा गुप्त भाग त्या उपकरणात राहतो आणि सही करण्यासाठी त्याला बोटाने स्पर्श करावा लागतो. दूर बसलेल्या हल्लेखोराने आपला लॅपटॉप पोखरला तरी त्याला ते बोट आणता येत नाही. दुसरा पर्याय किल्ली आणि मोबाइलवरचा दर ३० सेकंदांनी बदलणारा अंक अशा दोन टप्प्यांचा. ऑथेंटिकेशन-मेथड्स या सूचनेत दोन्ही मार्ग स्वल्पविरामाने जोडले, की दोन्ही पार पडल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. त्यासाठी कीबोर्ड-इंटरॲक्टिव्हचे दार पुन्हा उघडावे लागते, तेव्हा पॅम तिथे पासवर्ड न विचारता अंकच विचारतो आहे, हे पाहून घ्यावे. दोन्हींत निवडायचे झाले तर मी फिडोची किल्ली निवडेन, कारण अंक तोतयाला फसून सांगता येतो.

पोर्ट बदलला की झाले ना?

पोर्ट २२ऐवजी दुसरा ठेवला की लॉगमधली गर्दी कमी होते, यात शंका नाही. लॉग वाचणे सोपे होते, हा फायदाही खरा आहे. पण नेमका आपल्याच मागावर असलेला माणूस सगळे पोर्ट तपासतो, त्यामुळे याला सुरक्षा म्हणू नये. फेल२बॅन हे साधन लॉग वाचून वारंवार चुकणारे पत्ते काही काळ अडवते. जुलै २०२४च्या ९.८ आवृत्तीपासून तशी शिक्षा देण्याची सोय सर्व्हरमध्येच आहे. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकेक प्रयत्न करणाऱ्यापुढे दोन्ही तोकडी पडतात. पासवर्ड बंद असेल तर असे लाखो प्रयत्न निव्वळ वाया जातात. फायरवॉलने कार्यालयाच्या किंवा व्हीपीएनच्या पत्त्यांपुरतेच दार उघडे ठेवता आले, तर मात्र ते जरूर करावे, कारण पुढच्या मुद्द्यात तेच उपयोगी पडते.

खुद्द एसएसएचमध्येच खोट निघाली तर?

२०२४मध्ये हा प्रश्न दोनदा बातम्यांत आला. मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या सिड या अस्थिर आवृत्तीवर एसएसएचने आत जाताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्याचा माग काढत गेल्यावर एक्सझेड यूटिल्स या दाबून साठवण करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम लपवलेले चोरदार सापडले, आणि २९ मार्चला त्याने ते जाहीर केले. ओपनएसएसएच स्वतः हे साधन वापरत नाही. सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेशी जुळवून घेण्यासाठी काही लिनक्स वितरणांनी केलेल्या जोडकामातून ते एसएसएचच्या सर्व्हरपर्यंत पोचले होते. ज्याच्यापाशी विशिष्ट खासगी किल्ली असेल, त्याला ओळख पटवण्याआधीच सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. स्थिर वितरणांपर्यंत ते पोचण्याआधी पकडले गेले.

त्यानंतर १ जुलैला क्वालिस या कंपनीने रिग्रेशन या नावाने ओळखला गेलेला दोष जाहीर केला. आत येण्यासाठी दिलेली मुदत, जी सहसा १२० सेकंद असते, संपण्याच्या क्षणी घडणाऱ्या गोंधळाचा फायदा घेऊन जीलिबसी ही मूलभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर ओळख न पटवता शिरकाव करता येऊ शकत होता. २००६मध्ये दुरुस्त झालेला दोष ८.५च्या आवृत्तीत नकळत परतला होता, आणि तो ९.८मध्ये पुन्हा दुरुस्त झाला.

या दोन्ही प्रसंगी कितीही चोख किल्ली असून उपयोग नव्हता, कारण हल्ला ओळख तपासण्याच्या पायरीआधीचा होता. तिथे दोनच गोष्टी कामी येतात: वितरणाकडून येणारे सुरक्षा-अपडेट आपोआप बसतील अशी सोय, आणि साऱ्या जगाला दारापर्यंत येऊच न देणारी फायरवॉल.

माणसे अनेक असतील तेव्हा

चार जणांनी मिळून एकच खाते आणि एकच किल्ली वापरायची, ही छोट्या कार्यालयांतली रीत सर्वांत घातक. एक जण गेला की सगळ्यांची किल्ली बदलावी लागते, म्हणून कोणीच बदलत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. बॅकअपसारख्या यांत्रिक कामासाठी स्वतंत्र किल्ली करावी आणि ऑथराइज्ड कीजमध्ये तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ठरलेली एकच आज्ञा लिहावी, म्हणजे ती किल्ली पळवणाऱ्याला तेवढीच आज्ञा चालवता येते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी एजंट पुढे पाठवण्याची सोय टाळावी, कारण आपली जोडणी चालू असेपर्यंत मधल्या सर्व्हरच्या रूटला आपल्या किल्लीने सह्या करून घेता येतात. प्रॉक्सी-जंप हा २०१६पासून असलेला पर्याय तेच काम सुरक्षितपणे करतो. सर्व्हरांची संख्या डझनांत गेली, की प्रत्येक फाइलीत ओळी वाढवत बसण्यापेक्षा मुदत घातलेली एसएसएच प्रमाणपत्रे देणे सोयीचे पडते.

भारतात सर्व्हर चालवणाऱ्या संस्थांना याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. सगळे जण ‘रूट’ म्हणून आत येत असतील, तर त्या लॉगमधून कोण आले होते ते सांगता येत नाही.

माणूस काम सोडून जातो तेव्हा त्याच्या खात्याचा पासवर्ड पासडब्ल्यूडी आज्ञेने कुलूपबंद केला म्हणजे तो बाहेर पडला, असा समज सर्रास आढळतो. नेहमीच्या लिनक्स वितरणांवर त्याची किल्ली त्यानंतरही चालू राहते. त्या आज्ञेच्या माहितीपानातच तसा इशारा दिलेला आहे. त्याला खरोखर बाहेर काढण्यासाठी खात्याची मुदत संपल्याची तारीख टाकावी लागते, ऑथराइज्ड कीजमधली त्याची ओळ काढावी लागते, आणि त्याची जोडणी त्या क्षणी उघडी असेल तर ती तोडावी लागते, कारण ओळ खोडल्याने चालू जोडणी तुटत नाही. शिवाय तीच सार्वजनिक किल्ली त्याने कधी सोयीसाठी रूटच्या किंवा संकेतस्थळ चालवणाऱ्या खात्याच्या ऑथराइज्ड कीजमध्येही ठेवली आहे का, हे सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्याची ती फाइल उघडून पाहावे लागते.